दहांतले नऊ

महादेव काशीदच्या केशकर्तनालयात तपासणीचा आरसा बसवला गेला, तेव्हा कुरुंदवाडातल्या पुरुषांनी एकच प्रश्न विचारला, तो दाढीच्या दराबद्दल. दर तोच राहील असे काशीदने सांगितल्यावर कर्करोगाविषयी काही विचारावे असे कोणालाही वाटले नाही.

योजना ज्याने आखली त्याला पुरुषांचा स्वभाव चांगला ठाऊक असावा. अगदी अंगावर आल्याशिवाय पुरुष दवाखान्याची पायरी चढत नाही. पण दाढीच्या खुर्चीत तो दर आठवड्याला न चुकता येऊन बसतो, मान मागे टाकतो, गाल फुगवतो आणि गळ्याशी धारदार पाते आले तरी डोळे मिटून स्वस्थ पडतो. एवढा विश्वास तो डॉक्टरवर टाकत नाही, बायकोवरही नाही. म्हणून २०३९ साली तपासणी दवाखान्यातून उचलून खुर्चीसमोरच्या भिंतीवर टांगण्यात आली.

आरसा दिसायला साधा होता. काचेमागचा मुलामा मात्र अगदी पातळ. त्यामुळे समोरच्याला आपला चेहरा दिसे आणि काचेमागच्या कॅमेऱ्याला त्याहून थोडे अधिक. दाढी आटोपली की काशीद म्हणे, "आ करा. जीभ वर. आता डावीकडं," आणि काचेच्या कडेने जांभळट निळा उजेड पडे. तोंडाचे निरोगी अस्तर अशा उजेडात फिकट हिरवे चमकते. पेशींच्या रचनेत बिघाड सुरू झाला असेल तर तेवढा भाग काळपट राहतो, आणि हा काळेपणा बरेचदा जिभेला काही जाणवण्याच्या आधी येतो. अडचण अशी, की दाताखाली सापडलेला गाल, चहाने भाजलेली जीभ किंवा चुन्याने सोललेला ओठ हेही त्या उजेडात काळपटच दिसतात. म्हणून आरसा मागच्या आठवड्यांची चित्रे जपून ठेवी आणि माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करी. निदान सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. शंका आली तर त्या माणसाच्या फोनवर एक ओळ जाई : "दोन आठवड्यांत डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे."

ही ओळ नजरेतून सुटू नये म्हणून तिला तीन सुरांचा वेगळा, खणखणीत आवाज दिलेला होता. योजनेतली एवढी एकच गोष्ट पुरुषांना न ओळखणाऱ्याने ठरवली असावी.

"वाजला! वाजला!" बाकावर ताटकळत बसलेली मंडळी ओरडत. "आता तुझी तंबाखूची पुडी हिकडं दे. तुला काय उपेग तिचा?"

लवकरच लोक फोन बंद करून दुकानात येऊ लागले. घरी ठेवला तर बायको ऐकणार, चालू ठेवून आणला तर गाव ऐकणार.

श्रीधर मगदूमांना असल्या युक्त्यांची गरज वाटत नव्हती. सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उभी नोकरी करून ते चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले होते आणि गाव त्यांना अजूनही केमिस्ट साहेबच म्हणत असे. तंबाखू तर सोडाच, त्यांनी जेवणावर सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकली नव्हती. गावच्या व्यसनमुक्ती समितीचे ते अध्यक्ष होते. फोन मुका ठेवण्याची त्यांची सवय नोकरीतली. प्रयोगशाळेत त्यांना आवाज खपत नसे.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी काशीद त्यांची मान पुसत असताना अंगावरच्या कापडाखाली फोन तीनदा थरथरला.

त्यांनी कापडावरूनच फोन दाबून धरला. काशीदचा हात थांबला.

"काय झालं, साहेब?"

"काही नाही. बँकेचा निरोप असेल."

घरी येऊन त्यांनी न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि विजेरीच्या उजेडात जीभ बाहेर काढून पाहिली. डाव्या कडेला, मागे, एक पांढुरका चट्टा होता. दुखत नव्हता. मगदूमांच्या मनात प्रथम मृत्यू आला नाही. प्रथम आले ते काशीदच्या दुकानातले बाक. केमिस्ट साहेबांचा वाजला म्हणजे साहेब चोरून खात होते, असेच गाव म्हणणार. तंबाखूशिवायही हा रोग होतो, हे वाक्य त्या बाकावर कोणीही पुरे ऐकून घेणार नव्हते. त्यांनी पुण्याच्या एका रुग्णालयात अकरा दिवसांनंतरच्या गुरुवारची वेळ ठरवली. सांगली-मिरज जवळ होते; पण तिथे ओळखीचे कोणी भेटण्याची भीती होती.

ही वेळ ठरल्यानंतरच्या रविवारी जे घडले, त्याची लाज त्यांना पुढे सर्वांत अधिक वाटायची होती. त्या दिवशी मात्र ते स्वतःवर खूष होते.

बंडू नरदे हा पिठाच्या गिरणीचा मालक फोन बंद करायला विसरला आणि त्याचा वाजला. दुकानात हशा उसळला. बंडूचा चेहरा पडला.

"हसू नका," मगदूम खुर्चीतून उठून म्हणाले. "आणि बंडू, तूही घाबरू नकोस. जरा हिशेब पाहू." काशीदच्या वाटीतला फेस बोटावर घेऊन त्यांनी आरशाच्या काचेवरच आकडे मांडले. "समजा या गावचे हजार पुरुष इथे बसतात. त्यांत खरा रोग किती जणांना? पाच. हे पाचही आरशाने बरोबर पकडले असे धरू. उरलेल्या नऊशे पंच्याण्णवांत आरसा शंभरामागे चार-पाच वेळा चुकतो. हे मी म्हणत नाही, बनवणाऱ्यांनीच छापले आहे. म्हणजे पंचेचाळीस. आता एकूण वाजले किती? पन्नास. खरे किती? पाच. दहा वाजले, तर त्यांतले नऊ खोटे."

दुकानातून सुटकेचा एक मोठा उसासा बाहेर पडला.

"नऊ खोटे!" बंडू म्हणाला. "मग ह्यो आरसा हाय का पंचायत समितीचा सभासद?"

हिशेबात चूक नव्हती. त्याची दुसरी ओळ मात्र मगदूमांनी काचेवर लिहिली नाही. ज्याचा वाजला नाही त्याला रोग असण्याची शक्यता दोनशेंत एकाहूनही कमी. ज्याचा वाजला त्याला दहांत एक. उसाच्या रसाच्या ज्या नमुन्याबद्दल इतकी शंका असेल तो कोणी ओतून दिला असता, तर मगदूमांनी त्या माणसाला प्रयोगशाळेतून बाहेर काढले असते. शंकित नमुना ओतायचा नाही, पुन्हा तपासायचा, हा त्यांचा नोकरीतला पहिला नियम होता. तो त्यांनी स्वतःपुरता पाळला होता. गुरुवारची वेळ ठरली होती. पण दुसरी ओळ सांगितली असती तर कोणीतरी विचारले असते, "साहेब, तुमचा वाजला तर तुमी जाशीला का?" आणि मगदूमांना खोटे बोलण्याचा सराव नव्हता.

दुकानातून निघाल्यावर पारिसा चौगुले त्यांच्याबरोबर घाटाकडे चालू लागला. पारिसा कारखान्याच्या केनयार्डवर मुकादम होता. उसाच्या गाड्या रांगेला लावायच्या आणि भांडणे मिटवायची हे त्याचे काम. हुद्द्याचे अंतर त्याने कधी विसरू दिले नाही आणि मैत्रीत कधी आणलेही नाही. तो चालता चालता तळहातावर तंबाखू मळत होता.

"सायेब, एक इचारू का? हसू नगा."

"विचार."

"माजा बी वाजलाय. मागच्या बुधवारी. उजव्या अंगाला, जिभंच्या खाली. कस्तुरीला बोललो न्हाई अजून. तिनं रडून घर डोक्यावर घेतलं असतं." त्याने चुना झटकला. "तुमच्या हिशेबानं मी नवातला का यकातला?"

नदी उन्हाने पांढरी झाली होती. मगदूम पाण्याकडे पाहत राहिले. माझाही वाजला आहे, गुरुवारी मी जातो आहे, तू चल. एवढेच म्हणायचे होते.

"शक्यता नवांतलीच," ते म्हणाले.

या दोन शब्दांत असत्य काहीच नव्हते.

"झालं तर मग!" पारिसाने तंबाखूची चिमूट ओठाखाली सारली. "उगंच जिवाला घोर लावून घेटला. तुमी हायसा म्हणून बरं हाय बगा."

गुरुवारी पुतण्याकडे जातो असे सांगून मगदूम निघाले, तेव्हा त्यांना एस.टी. स्टँडवर आपल्या गाडीतून पारिसानेच सोडले. बस हलेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता. "पुतण्याला म्हणावं, काकाला रिकाम्या हातानं धाडू नगंस," असे ओरडून त्याने हात केला.

पुण्यातल्या डॉक्टर केतकी सबनीस वयाने मगदूमांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी जीभ धरून नीट पाहिली, चट्ट्यावरून बोट फिरवले आणि मग चट्टा सोडून दात पाहू लागल्या.

"काका, ही खालची दाढ तुटली आहे. तिची कड तिथेच घासते. कड मी गुळगुळीत करून देते. पण नुसत्या अंदाजावर तुम्हाला घरी पाठवणार नाही. चट्ट्याचा एक कण काढून तपासायला पाठवू."

आठवड्याभरात अहवाल आला. रोग नव्हता. चट्टाही मावळू लागला होता. फोनवर मगदूम हसून म्हणाले, "म्हणजे यंत्र चुकलं तर."

"चुकलं कुठे? त्याने 'पाहा' म्हटलं, आपण पाहिलं. तुमच्याकडचे बाकीचे पुरुष येतात का हो तपासायला? माझ्याकडे येतात ते बहुतेक तोंड उघडेनासं झाल्यावर. तुम्ही शिकलेले आहात, लोक तुमचं ऐकत असतील. तुम्ही सांगा त्यांना."

"सांगतो," मगदूम म्हणाले.

फोन ठेवताना त्यांना जे वाटले ते नुसते समाधान नव्हते. आपला आकडा बरोबर ठरल्याचा आनंदही होता. ते नवांतले निघाले होते.

त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. सांगण्यासारखे आता उरलेच काय होते, असा युक्तिवाद त्यांनी स्वतःशी केला आणि तो स्वतःच मान्य केला.

इकडे दुकानात त्यांच्या हिशेबाला पाय फुटले होते. लोक फोन उघड चालू ठेवू लागले. कोणाचा वाजला की बाक ओरडे, "नवातला!" आणि ज्याचा वाजला त्याने सर्वांना चहा पाजायचा अशी रीत पडली. मेमध्ये पारिसाचा पुन्हा वाजला. त्याने चहा पाजला. जूनच्या अखेरीस तिसऱ्यांदा वाजला.

"आरं, हा आरसा पारिसाअण्णावर भाळलाय!" बंडू म्हणाला. "लगीन लावून टाका."

"लावतो की," पारिसा म्हणाला. "कस्तुरीपरास बरा. ह्यो फकस्त वाजतो, लाटणं घिऊन मागं लागत न्हाई."

मगदूम त्या दिवशी बाकावरच होते. चावलेला गाल दोन आठवड्यांत भरतो. भाजलेली जीभ त्याहून लवकर. एकाच जागी एकदा वाजणे आणि त्याच जागी चौथ्या महिन्यात तिसऱ्यांदा वाजणे यांचे गणित एक नसते. यंत्राच्या साध्या चुका काळाबरोबर गळून पडतात, आणि जे उरते ते चूक असण्याची शक्यता दर वेळी घटत जाते. दहांतले नऊ हा आकडा आता पारिसाला लागू नव्हता. हे त्या दुकानात एकाच माणसाला कळत होते. पोऱ्याने कप पुढे केला. मगदूमांनी तो घेतला आणि चहा प्यायले.

ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांच्या पत्नी पद्मावती जैन बस्तीतून दर्शन घेऊन आल्या आणि शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "कस्तुरी भेटली होती. पारिसाभावजी हल्ली भाकरी दुधात कुस्करून खातात म्हणे. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. आणि उजवा कान ठणकतो, पण कानाचा डॉक्टर म्हणतो कानात काहीच नाही."

मगदूमांच्या हातातले वर्तमानपत्र खाली आले.

"तिनं दवाखान्याचं काढलं, तर ते म्हणाले, साहेबांनी हिशेब करून दिलाय." पद्मावतींनी शेंग सोलली. "काय हिशेब दिलाय हो तुम्ही त्यांना?"

त्याच संध्याकाळी मगदूम पारिसाच्या घरी गेले आणि हिशेबाची दुसरी ओळ त्यांनी पाच महिने उशिराने त्याला समजावून सांगितली. दोनशेंत एक, दहांत एक, पुन्हा पुन्हा वाजण्याचे गणित. सारे स्वच्छ आणि क्रमाने. पारिसा ऐकत होता. मध्येच त्याने कान दाबला.

"सायेब," तो शेवटी म्हणाला, "काचंवर लिवलेलं आमाला कळलं. हे न्हाई कळत. मला एवडंच सांगा, तुमी माज्या जागी असतासा तर गेला असतासा का?"

प्रश्न जिथे यायला नको होता तिथेच येऊन उभा राहिला होता.

"विचार केला असता," मगदूम म्हणाले.

"मग मी बी इचार करतो."

घरी परतताना मगदूमांना एक गोष्ट कळून चुकली. पारिसाला आकड्यांनी पटले नव्हते, मार्चमध्येही नाही. त्याला माणूस पटला होता. तेव्हा आता आकडे दुरुस्त करून भागणार नव्हते. दोन दिवस त्यांना अन्न गोड लागले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पारिसाच्या ओट्यावर बसून मान खाली घालून सांगितले, "पारिसा, माझा फोन वाजलाय. मला पुण्याला जायचंय. एकट्याने जायची भीती वाटते."

पारिसा ताडकन उठला. त्याने "कधी" विचारले नाही, "कुठल्या बाजूला" विचारले नाही, दहांतले नऊही काढले नाहीत.

"आदी सांगायचं न्हाई व्हय! ह्ये काय लपवायचं हाय? कस्तुरे, डबा भर. पुण्याला चाललोय." मग मगदूमांच्या पाठीवर हात ठेवून तो हलक्या आवाजात म्हणाला, "काय हुत न्हाई, सायेब. मी हाय न्हवं."

तो हात पाठीवर होता तेवढा वेळ मगदूमांना मान वर करता आली नाही. मार्चमध्ये घाटावर हेच एक वाक्य बोलले असते, तर हा माणूस त्याच गुरुवारी असाच उठला असता. स्वतःसाठी नव्हे, सोबतीसाठी. पुरुषांना दवाखान्यात कसे न्यावे यावर ज्यांनी एवढा खटाटोप करून आरसा बनवला, त्यांनाही हे सुचले नव्हते; आणि ज्याला सुचायला हवे होते तो फेसाने आकडे लिहीत बसला होता.

पुण्यापर्यंत पारिसाने गाडी हाकली. शब्द जड येत होते, तरी तो बोलत होता. कारखान्यातल्या जुन्या चेअरमनची नक्कल, एका संपात बैलगाडीखाली लपलेला टाइमकीपर, सारे साहेबांचे मन रमावे म्हणून. कराडच्या पुढे डबा सोडला. धपाटे आणि ठेचा मगदूमांपुढे सरकवून तो स्वतः दहीभात चमच्याने गिळत राहिला. चमचा आडवा करून आत घालावा लागत होता.

"तोंड उघडत नाही का रे पुरतं?"

"आज तुमचं बघाय चाललोय. माजं ऱ्हाऊ द्या."

"आलोच आहोत तर तूही दाखवून घे," मगदूम म्हणाले. "मला तेवढाच धीर येईल."

"त्येनं तुमाला धीर येत असंल तर दावतो. माजं काय जातंय?"

डॉक्टर सबनीसांनी दाराशीच ओळखले. "अरे, मगदूम काका! या. ती जखम भरली ना तेव्हाच? मार्चनंतर पुन्हा त्रास नाही ना झाला?"

मगदूमांनी पारिसाकडे पाहिले नाही. डॉक्टरांनी हसून पारिसाला खुर्चीत बसवले. "हे तुमचे मित्र का? बरं केलंत. मी म्हटलंच होतं, लोकांना सांगा."

पारिसाने तोंड उघडले, जेवढे उघडत होते तेवढे. डॉक्टरांचे हसणे हळूहळू मावळले. त्यांनी जिभेखाली पाहिले, हनुवटीखाली आणि मानेवर दोन्ही बाजूंनी बोटे दाबून पाहिली, पुन्हा पाहिली.

"आरशाचा संदेश कधी आला होता?"

"तीनदा आला," पारिसा म्हणाला. "पैला मार्चात."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग त्यांनी सांगितले : कण काढून तपासल्याशिवाय नक्की म्हणता येणार नाही. पण मला हे चांगले दिसत नाही. मानेत एक गाठ लागते आहे, लहान आहे. उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेत जिभेचा बराच भाग जाईल, बोलणे पुन्हा शिकावे लागेल. "मार्चमध्ये..." एवढे म्हणून त्या थांबल्या आणि हातमोजे काढू लागल्या.

"मार्चात आलो असतो तर?" पारिसाने विचारले.

"कदाचित कडेचा एवढासा तुकडा." त्यांनी करंगळीच्या नखावर अंगठा ठेवून दाखवला.

पारिसाने त्या नखाकडे बराच वेळ पाहिले. मग पहिल्यांदाच तो मगदूमांकडे वळला. चेहऱ्यावर राग असता तर मगदूमांना बरे वाटले असते. तो फक्त काहीतरी जुळवीत होता.

"बसला सोडाय मीच आल्तो की तुमाला," तो म्हणाला. "पुतण्याकडं चाललो म्हणालासा."

"पारिसा..."

"ऱ्हाऊ द्या."

परिचारिका कण काढण्याच्या तयारीने आली. संमतीच्या कागदावर पारिसाने सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. तिने विचारले, "पेशंटसोबत कोण आहे?"

मगदूम उठून उभे राहिले.

"माज्यासंगं कोण न्हाई," पारिसा म्हणाला. "मीच ह्येंच्या सोबतीला आलोय."

तो आत गेला. दार लागले. मगदूम थोडा वेळ तसेच उभे होते. मग बाकावर बसले. समोरच्या भिंतीवर पुरुषांनी स्वतःकडे लक्ष द्यावे असे सांगणारी पाटी होती : न भरणारा व्रण, गिळताना अडकणे, मानेतली गाठ, आवाजातला बदल, लघवीतून रक्त. सुशिक्षित माणसाला वाचायला अर्धे मिनिटही लागू नये इतकी लहान. त्यांनी ती दोनदा वाचली आणि काशीदच्या दुकानात फोन लावला.

"महादेव, दुकानात कोण कोण आहे?"

"हायत की सहा-सात जण. आज बुधवार न्हवं का. काय झालं, साहेब?"

"फोनचा आवाज मोठा कर. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा, कोणीतरी हसल्याचा आवाज आला. मगदूमांनी घसा साफ केला. त्यांनी प्रस्तावना केली नाही. "मी श्रीधर मगदूम बोलतोय. माझा फोन मार्चमध्ये वाजला होता. तुम्हाला हिशेब सांगितला त्याच्या आधी. मी कोणाला न सांगता पुण्याला येऊन तपासून घेतलं. मला काही निघालं नाही. पारिसाला निघालंय असं दिसतंय. त्याने मला विचारलं होतं आणि मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही. दहांत नऊ खोटे, हे खरं आहे. म्हणून दहाही जणांनी जायचं असतं. ते मी सांगितलं नाही, कारण मला तुमची लाज वाटत होती."

हसणे थांबले होते. मग बंडूचा आवाज आला, दुरून.

"आमाला एक आन् स्वतःला एक व्हय, साहेब?"

"होय."

दाराची घंटी किणकिणल्यासारखे वाटले.

"महादेव? आहेस का?"

"हाय." काशीदचा आवाज खाली आला होता. "तिघं उठून भाईर गेली. बंडूशेट बी गेले."

"कुठे गेले?"

"ते काय सांगितलं न्हाई."

मगदूमांनी फोन खिशात ठेवला. रागाने गेले की तपासायला गेले, हे ठरवण्याइतकी माहिती त्यांच्याजवळ नव्हती, आणि अंदाज बांधण्याचा अधिकार आता आपल्याला आहे असे त्यांना वाटले नाही.

तासाभराने दार उघडले. पारिसाच्या गालात कापसाचा बोळा होता. परिचारिकेने बजावले, संध्याकाळपर्यंत बोलायचे नाही, गरम काही घ्यायचे नाही, अहवाल सोमवारी. पारिसाने मान डोलावली आणि चालू लागला. मगदूम मागून चालले. वाहनतळावर त्याने गाडी उघडली, डॉक्टरांनी दिलेले पाकीट पुढच्या रिकाम्या जागेवर ठेवले आणि स्टीअरिंगवर हात ठेवून समोर पाहत बसला. तो निघून गेला नाही, बोलावलेही नाही.

मगदूमांनी मागचे दार उघडले आणि आत बसले.